उडत्या तबकडीचा लष्करी पंचनामा

उडत्या तबकडीची खबर मिळाली की लष्कर परग्रहवासी शोधायला निघतं, असा एक समज आहे. दुसरा समज याच्या उलट: लष्कराला सगळं ठाऊक असतं, ते फक्त दडवून ठेवतं. जुन्या फायली चाळल्या तर या दोन्हींपेक्षा बरीच रटाळ गोष्ट समोर येते. लष्कराला एकच प्रश्न पडलेला असतो: आपल्या हवाई हद्दीत कुणी घुसलं होतं का? उत्तर ‘नाही’ आलं की ती वस्तू नेमकी काय होती, यातला त्याचा रस आटतो. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने नागरिकांच्या अशा तक्रारी पन्नासहून अधिक वर्षं नोंदवल्या आणि १ डिसेंबर २००९ रोजी ते काम बंद केलं. कारण एवढंच दिलं, की इतक्या वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही. सगळ्या प्रकरणांची उकल झाली, असा त्यांचा दावा नव्हता. उकल करणं हे त्यांचं कामच नव्हतं.

त्यामुळे एखाद्या नागरिकाला जे दिसलं त्याचा तपास किती खोल जाईल, हे पुष्कळदा पहिल्या फोनवर काय सांगितलं गेलं त्यावरच ठरतं. ४ ऑक्टोबर १९६७ च्या रात्री सव्वाअकराच्या सुमारास कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर, शॅग हार्बर इथे, लोकांनी दिव्यांची एक रांग तिरकी खाली येऊन पाण्यात जाताना पाहिली. पोलिसांना फोन गेले ते ‘विमान पडलं’ म्हणून. साहजिकच हलली ती शोध आणि बचावाची यंत्रणा. पोलीस लगोलग किनाऱ्यावर पोचले, मच्छीमारांच्या बोटी पाण्यात गेल्या, तटरक्षक दलाची नौका निघाली आणि हॅलिफॅक्सच्या बचाव समन्वय केंद्राकडे विचारणा झाली. बोटींना पाण्यावर पिवळसर फेस दिसला. माणसं नाहीत, विमानाचे अवशेष नाहीत. समन्वय केंद्राने कळवलं की एकही विमान बेपत्ता नाही. मग नौदलाने ‘ग्रॅन्बी’ या नौकेवरचे पाणबुडे आणले. त्यांनी ८ ऑक्टोबरपर्यंत समुद्राचा तळ धुंडाळला आणि हात हलवत परतले. हेच लोक ‘तबकडी दिसली’ असं म्हणाले असते, तर बहुधा एक छापील अर्ज भरून घेऊन प्रकरण तिथेच राहिलं असतं. बचाव यंत्रणेचा वेग मात्र तपासाला पूर्णपणे पावत नाही. तिला माणसं वाचवायची असतात. साक्षीदाराने कुठल्या दिशेला, किती उंचीच्या कोनात काय पाहिलं, हे त्या धावपळीत कुणी मोजत नाही, आणि नंतर ती माहिती मिळत नाही.

मोजणी कशी असावी, याचा नमुना अमेरिकी हवाई दलाच्या नियमावली २००-२ मध्ये सापडतो. तबकड्यांच्या तक्रारी तपासणारा त्यांचा ‘ब्लू बुक’ हा प्रकल्प १९५२ पासून १९६९ पर्यंत ओहायो राज्यातल्या राइट-पॅटरसन तळावरून चालला, आणि प्राथमिक चौकशी जवळच्या तळावरच्या अधिकाऱ्याने कशी करायची ते या नियमावलीत कलमवार दिलं होतं. आकार, रंग, संख्या, रचना, शेपूट किंवा धूर, आवाज. लक्ष कशामुळे गेलं. प्रथम दिसली तेव्हा क्षितिजापासूनचा कोन आणि दिशा, दिसेनाशी झाली तेव्हाचा कोन आणि दिशा. कशी दिसेनाशी झाली: विझली, ढगात गेली, की डोंगराआड गेली. नुसत्या डोळ्याने पाहिली की दुर्बिणीतून. तारीख आणि वेळ ग्रिनिचच्या हिशेबाने. शिवाय जमिनीपासून ८० हजार फुटांपर्यंत ठरावीक उंचींवरचा वारा. इतक्या वरच्या वाऱ्याची गरज फुग्यांसाठी असते. मोठा संशोधन-फुगा जमिनीवरच्या वाऱ्याच्या बरोबर उलट दिशेला सरकताना दिसू शकतो, आणि साक्षीदार शपथेवर सांगतो की ती वस्तू वाऱ्याविरुद्ध गेली. तो खोटं बोलत नसतो.

त्याच नियमावलीत आकार विचारण्याची एक युक्ती आहे: हात लांब धरला तर वस्तू कशाएवढी दिसली? टाचणीचं डोकं, वाटाणा, वेगवेगळी नाणी, बेसबॉल, ग्रेपफ्रूट, बास्केटबॉल. कल्पना चांगली, पण उत्तरं फसवी. लांब केलेल्या हातातला वाटाणा जवळपास पाऊण अंशाचा असतो. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा. म्हणजे वाटाण्याने चंद्र पुरता झाकला जातो, यावर करून पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. आणि ‘बास्केटबॉल’ हे उत्तर म्हणजे वीस अंशांहून जास्त, आकाशाचा केवढा तरी तुकडा. अर्जावर बास्केटबॉल दिसला की मी तो आकडा नाही, साक्षीदाराची तेव्हाची मनःस्थिती समजतो.

म्हणून जबाब घेण्याचा क्रम महत्त्वाचा. साक्षीदार एकाहून अधिक असतील तर आधी वेगवेगळे बसवायचे, एकमेकांशी बोलण्याआधी. प्रत्येकाला मध्ये न अडवता सगळं सांगू द्यायचं. मग कागद देऊन चित्र काढायला लावायचं. प्रश्न त्यानंतर, आणि तेही आपल्या शब्दांत नाही: त्याने ‘दिवा’ म्हटलं असेल तर आपण ‘यान’ म्हणायचं नाही. एकदा तपासणाऱ्याच्या तोंडून ‘यान’ निघालं की पुढच्या जबाबात त्याला खिडक्या फुटतात. चौथी पायरी सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी: साक्षीदाराला त्याच जागी, त्याच वेळेला उभं करायचं, ‘कुठून कुठे गेली ते हाताने दाखवा’ म्हणायचं, आणि त्याच्या हातामागे उभं राहून होकायंत्राने दिशा व कोनमापकाने उंचीचा कोन टिपायचा. होकायंत्र गाडीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब धरायचं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक त्या ठिकाणासाठी किती आहे, तो हिशेबात घ्यायचा. काही प्रदेशांत तो १० अंशांहून जास्त असतो, आणि तेवढ्यात एक ग्रह सुटून दुसराच हाती लागतो.

तोंडी सांगितलेली उंची जवळजवळ नेहमीच फुगलेली असते. ‘अर्ध्या आकाशात होती’ म्हणजे ४५ अंश असं लिहून घेतलं जातं. प्रत्यक्षात हात करायला लावला तर तो २५-३० अंशांवर थांबतो. आकाश आपल्याला घुमटासारखं न दिसता वरून चेपल्यासारखं दिसतं, त्याचा हा परिणाम. अंतराचं तर विचारूच नये. अंधारातल्या एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळण्याचा मार्गच नाही. दोनशे मीटर आणि दोनशे किलोमीटर दोन्ही सारखेच दिसतात. त्यापेक्षा विचारावं: मध्ये काही आलं का? झाडाच्या फांदीपलीकडे होती की अलीकडे? ढगाखाली होती की ढगाने झाकली? समोरच्या डोंगराची कडा तिच्या पार्श्वभूमीला दिसत होती का? अशा एका होकाराने अंतराला वरची किंवा खालची मर्यादा मिळते, आणि तेवढ्याने निम्मी अनुमानं गळतात.

अंतर मिळालं तर सूत्र सोपं: अंतर गुणिले अंशातला कोन, भागिले ५७. अर्ध्या अंशाची वस्तू १ किलोमीटरवर असेल तर सुमारे ९ मीटरची, १० किलोमीटरवर असेल तर जवळपास ९० मीटरची. ‘फुटबॉलच्या मैदानाएवढं अवाढव्य यान’ या वाक्यात मोजमाप काहीच नसतं. साक्षीदाराने मनात धरलेल्या अंतराला गुणून आलेलं ते उत्तर असतं.

वेगाचंही तसंच. किलोमीटर न विचारता अंश आणि सेकंद घ्यावेत. १० हजार मीटर उंचीवरचं प्रवासी विमान अगदी डोक्यावर असताना सेकंदाला दीड अंशाच्या आसपास सरकतं, आणि आकाशात खाली, लांब असताना त्याच्या कितीतरी कमी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून सेकंदाला साधारण १ अंशाने जातं आणि चार ते सहा मिनिटांत मावळतं किंवा मध्येच पृथ्वीच्या सावलीत विझतं. उल्का काही सेकंदांची. वातावरणात परतणारा रॉकेटचा सांगाडा मात्र मिनिट-दीड मिनिट आडवा जातो, मागे तुकडे सोडत, आणि लोकांना ती दिवे लावलेली एकच लांबलचक वस्तू वाटते. ग्रह तासाला १५ अंश. कुणी म्हणालं की ‘दोन तास तिथेच तरंगत होती, हळूहळू पश्चिमेला उतरली’, तर मी आधी शुक्र कुठे होता ते पाहतो. ‘पण ती थरथरत होती, इकडेतिकडे उडी मारत होती’ यालाही साधं उत्तर असतं. काळोखात एकच बिंदू टक लावून पाहिला की डोळ्याच्या बारीक हालचालींमुळे तो बिंदूच हलल्यासारखा वाटतो. खांबाच्या किंवा खिडकीच्या चौकटीच्या कडेशी धरून पाहिलं की ते थांबतं.

प्रशिक्षित नजर यातून सुटते, असं मानू नये. लडाखच्या सीमेवर ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात भारतीय लष्कराने ३२९ वेळा अनोळखी प्रकाशबिंदू नोंदवले आणि ती शेजाऱ्याची ड्रोन असावीत असा संशय धरला. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्यांची उकल केली: गुरू आणि शुक्र. उंचावरची विरळ, कोरडी हवा, त्यात ग्रह अपेक्षेपेक्षा फार तेजस्वी दिसतात. अशा नोंदींत एक खूण हमखास शोधावी. तीच वस्तू रोज साधारण चार मिनिटं लवकर त्याच जागी येत असेल, तर ती आकाशातली आहे; ड्रोन चालवणारा नाक्षत्र वेळ पाळत नाही.

आणि वेळेच्या चुका. घड्याळ किती पुढे होतं, उन्हाळी वेळ लागू होती का, मध्यरात्रीनंतरच्या घटनेची तारीख आदल्या दिवसाची पडली का, स्थानिक वेळेचं ग्रिनिच वेळेत रूपांतर करताना बेरजेऐवजी वजाबाकी झाली का. ही चिल्लर वाटते. पण उपग्रहाची वेळ सेकंदांत ठरलेली असते आणि एका तासाच्या चुकीने अगदी सोपं प्रकरण ‘ओळख पटली नाही’ या कप्प्यात जाऊन बसतं.

जबाब पुरा झाला की संशयितांची यादी तपासायची: ग्रह-तारे, विमानं, फुगे, रॉकेट, उपग्रह, फ्लेअर (लष्करी विमानं हवेत सोडतात ते जळते दिवे). हवामान खात्याचे फुगे जगभर साधारण ००:०० आणि १२:०० ग्रिनिच वेळेच्या सुमारास सुटतात, सेकंदाला पाचेक मीटर चढतात आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतात. जमिनीवर अंधार झाल्यावरही वरचं ऊन त्यांच्यावर पडत असतं. हे सगळं कागदावर सोपं आहे. खरी अडचण निराळीच: लष्कराचा तपास बऱ्याचदा लष्करापाशीच अडतो.

१३ मार्च १९९७ च्या रात्री दहाच्या सुमारास अ‍ॅरिझोनात फीनिक्सवर दिव्यांची रांग दिसली, हजारोंनी पाहिली, कित्येकांनी चित्रित केली. जवळच्या हवाई दलाच्या ल्यूक तळाला विचारलं. आमचं काही उडत नव्हतं, असं उत्तर आलं. ते खोटंही नव्हतं. त्या रात्री बॅरी गोल्डवॉटर सराव क्षेत्रावर फ्लेअर टाकले ते मेरीलँडच्या एअर नॅशनल गार्डच्या, म्हणजे त्या राज्याच्या राखीव हवाई दलाच्या, ए-१० विमानांनी, आणि ती सरावासाठी पाहुणी म्हणून डेव्हिस-मोंथन तळावर उतरली होती. हे जाहीर व्हायला जुलै उजाडला. पॅराशूटला लटकलेला असा फ्लेअर चार-पाच मिनिटं जळत संथ उतरतो; मध्ये एस्ट्रेला डोंगररांग असल्यामुळे शहरातून पाहणाऱ्याला दिवे एकामागून एक ‘विझताना’ दिसले. चित्रफितीवर दिवसा काढलेली डोंगराची कडा ठेवून पाहिली की प्रत्येक दिवा कडेलाच मावळतो. (त्याच संध्याकाळी आधी दिसलेला व्ही आकाराचा ताफा हे वेगळं प्रकरण, दोन्ही एकत्र मळल्यामुळे आजही वाद चालू आहे.) यातून तपासणाऱ्याने घ्यायचं ते असं, की तळाला ‘तुमचं विमान होतं का’ हे विचारून भागत नाही. सराव क्षेत्राच्या नोंदवहीत त्या वेळी कुणाचं नाव होतं, हे विचारावं लागतं.

दुसरा अडसर गोपनीयतेचा. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीत कॅप्टन मँटेल यांचं विमान एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करताना कोसळलं, तेव्हा तपास करणाऱ्यांना स्कायहूक या फार उंच जाणाऱ्या फुग्यांची माहितीच नव्हती. तो नौदलाचा गुप्त प्रकल्प होता, म्हणून शुक्राचं कारण पुढे करावं लागलं. पुढे यू-२ या हेरगिरीच्या विमानांची उड्डाणं सुरू झाल्यावर ब्लू बुकचे लोक काही तक्रारी सीआयए या गुप्तचर संस्थेकडून त्या उड्डाणांच्या नोंदींशी ताडून घेत, आणि जुळलं तरी साक्षीदाराला खरं सांगता येत नसे. त्या काळातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ या विमानांत होतं, असं सीआयएच्या इतिहासकारांनी पुढे लिहिलं. तो आकडा मला पटत नाही. ब्लू बुकच्या नोंदी वाचल्या तर बहुसंख्य लोकांनी रात्रीचे दिवे पाहिलेले आहेत. २० हजार मीटरवरचं, दिवे न लावलेलं विमान त्यात इतक्या वेळा बसत नाही. त्यात २००-२ मध्येच अशी तरतूद होती, की ओळख पटलेल्या वस्तूबद्दलच पत्रकारांशी बोलायचं. जी उकलत नाही तिच्याबद्दल ‘विश्लेषण चालू आहे’ एवढंच. ज्यांची उत्तरं नव्हती नेमक्या त्याच प्रकरणांवर मौन. लपवाछपवीचा संशय पिकवायला याहून सुपीक नियम शोधूनही सापडला नसता.

परक्या देशाची गुपितं तर हातीच येत नाहीत. २२ जून १९७६ च्या रात्री कॅनरी बेटांवरून असंख्य लोकांनी पश्चिमेच्या आकाशात वाढत जाणारा प्रचंड प्रकाशगोल पाहिला. स्पेनच्या हवाई दलाने रीतसर चौकशी केली, जबाब घेतले आणि ओळख पटली नाही असं नोंदवलं. काही दशकांनी अमेरिकेच्या क्षेपणास्त्र चाचण्यांच्या याद्या उघड झाल्या, तेव्हा ही घटना आणि ५ मार्च १९७९ ची तशीच दुसरी, दोन्ही अटलांटिकमधल्या पाणबुडीतून सोडलेल्या पोसायडन क्षेपणास्त्रांच्या वेळेशी जुळल्या. मूळ फायलीतच एक धागा होता. एकमेकांपासून दूर असलेल्या बेटांवरून लोकांनी जवळजवळ एकच दिशा दाखवली होती. दोन ठिकाणांहून पाहिलेल्या दिशा एकमेकींना छेदत नसतील, समांतर जात असतील, तर वस्तू शेकडो किलोमीटर लांब आणि फार उंच आहे. शेजारच्या टेकडीवर उतरलेली नाही.

सोव्हिएत संघाने हेच काम १९७८ पासून लष्कर आणि विज्ञान अकादमी यांच्या जोडीने केलं. निमित्त होतं २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे पेत्रोझावोद्स्क शहरावर दिसलेल्या तेजस्वी ‘जेलीफिश’चं, प्लेसेत्स्कच्या प्रक्षेपण तळावरून त्याच वेळी सुटलेल्या कॉसमॉस-९५५ उपग्रहाच्या रॉकेटचा तो धूर होता. सगळ्या सैन्याला नोंदी पाठवण्याचा आदेश दिला गेला. तेरा वर्षांत सुमारे तीन हजार नोंदी जमल्या आणि नव्वद टक्क्यांहून जास्त फुगे नि रॉकेटांच्या खात्यावर गेल्या.

रडारबद्दल थोडक्यात. रडारवर दिसलं म्हणजे पक्कं, हा भ्रम आहे. थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला की किरण खाली वाकतो आणि जमिनीवरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी आकाशात असल्यासारखे उमटतात. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारी वॉशिंग्टनच्या विमानतळावर हे झालं, लढाऊ विमानं पाठवली गेली आणि ती पोचली की ठिपके बऱ्याचदा नाहीसे. नागरी विमान वाहतूक खात्याच्या अभियंत्यांनी पुढे दाखवलं, की अशा ठिपक्यांचा वेग त्या थरातल्या वाऱ्याच्या साधारण दुप्पट भरतो. कारण प्रतिबिंब देणारा थर एक पट सरकला की प्रतिबिंब दोन पट सरकतं. म्हणून रडारच्या प्रत्येक प्रकरणात त्या दिवसाचा तापमानाचा उभा आलेख फायलीला जोडलेला असायला हवा. नसेल तर रडारच्या पानाला फारसं वजन देऊ नये.

आता जागेवरचा तपास. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोचं प्रकरण इथे कसाला लागतं. २४ एप्रिल १९६४, संध्याकाळी पावणेसहा. पोलीस शिपाई लॉनी झामोरा एका भरधाव गाडीचा पाठलाग करत होते. मोठा आवाज आणि निळी-नारिंगी ज्वाळा. जवळ डायनामाइटची कोठी होती. ती उडाली असावी म्हणून त्यांनी पाठलाग सोडला आणि खडीच्या चढावर गाडी घातली. दीड-दोनशे यार्डांवरच्या ओढ्यात पांढुरकी, लंबगोल वस्तू आणि तिच्यापाशी पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं. त्यांना वाटलं गाडी उलटली आहे. जवळ गेल्यावर पुन्हा गडगडाट, खाली ज्वाळा. ते मागे पळाले, गाडीला धडकून चष्मा पडला, आणि वस्तू कोठीच्या जेमतेम वरून नैर्ऋत्येकडे निघून गेली. काही मिनिटांत राज्य पोलिसांचे सार्जंट सॅम चावेझ आले, तेव्हा झुडपं अजून धुमसत होती. त्याच संध्याकाळी एफबीआयचा एक अधिकारी आणि व्हाइट सँड्स सराव क्षेत्रावरचे लष्कराचे कॅप्टन रिचर्ड होल्डर जागेवर पोचले. चार खड्डे, जळालेली जागा, पायांच्या ठशांसारख्या खुणा यांची मापं घेतली गेली, जबाब त्याच रात्री कागदावर आला.

हे इतकं लवकर झालं म्हणूनच या फाइलला किंमत आहे. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर यंत्राला नेहमीपेक्षा जास्त काही लागलं नाही. माती आणि जळकी झुडपं प्रयोगशाळेत गेली. इंधनाचे रासायनिक अंश सापडले नाहीत. हा नकार फार बोलका आहे: रॉकेटची ज्वाळा असती तर काहीतरी उरायला हवं होतं. ब्लू बुकचे प्रमुख मेजर हेक्टर क्विंटानिला यांनी हेलिकॉप्टर, फुगे, चंद्रावर उतरण्याच्या यानांचे प्रयोग, सगळं पडताळलं. चांद्रयानाचे नमुने त्या एप्रिलमध्ये उडण्याच्या अवस्थेतच नव्हते. १९६६ मध्ये सीआयएच्या अंतर्गत नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की नोंदींच्या दृष्टीने हे सर्वोत्तम प्रकरण आहे आणि आम्ही अजून बुचकळ्यात आहोत. क्विंटानिला तबकड्यांवर विश्वास ठेवणारे मुळीच नव्हते, म्हणून हे वाक्य मोलाचं.

तरी भोकं आहेतच. उड्डाणाचा शेवटचा भाग झामोरांनी चष्म्याशिवाय पाहिला, म्हणून त्या भागातले तपशील वेगळ्या रकान्यात, कमी वजनाने मांडायला हवेत. दुसरं, फुग्याचं अनुमान वाऱ्यावर उभं आहे आणि जागेवरचा वारा त्या क्षणी मोजलेला नाही. तिसरं भोक सगळ्यांत मोठं. गावातच खाणकाम आणि तंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, स्फोटकांशी खेळू शकणारी मुलं तिथे होती. त्याचे अध्यक्ष स्टर्लिंग कोलगेट यांनी १९६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना कळवलं, की हा विद्यार्थ्यांचा बनाव असावा असा त्यांचा कयास आहे. तो कयास सिद्ध कधीच झाला नाही. पण लष्कराने तळ, कारखाने आणि प्रयोगशाळा पिंजून काढल्या. हाकेच्या अंतरावरच्या वसतिगृहाकडे तेवढ्या चिकाटीने पाहिल्याचं दिसत नाही. लष्करी मन खोडी काढणाऱ्या पोरांचा विचार उशिरा करतं.

नमुने कसे घ्यायचे, हे मात्र फ्रेंचांकडून शिकावं. तिथे जांदार्मरी, म्हणजे लष्करी दर्जाचं पोलीस दल, गावोगाव असतं आणि अंतराळ संस्थेच्या ‘जेपान’ या गटाशी त्यांचा करार होता. ८ जानेवारी १९८१ ला त्राँस-आँ-प्रोव्हाँस इथे एका रहिवाशाने घरामागच्या गच्चीसारख्या जमिनीवर वस्तू उतरून उडाल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जांदार्मनी सव्वादोन मीटरच्या आसपास व्यासाच्या वर्तुळाकार खुणेची माती आणि रानटी लसूणघास गोळा केला. पद्धत अशी: आधी छायाचित्रं, मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण चौकटीत ठेवून. मग खुणेच्या मध्यातून, कडेवरून आणि वाढत्या अंतरावरून नमुने. आणि पूर्ण बाहेरचा, काहीच न झालेल्या जागेचा नमुना न विसरता. तो तुलनेचा नमुना नसेल तर ‘मातीत लोह जास्त’ या वाक्याला अर्थ नाही, ती माती तशीच असेल. वनस्पतींचे नमुने लगेच गोठवावे लागतात. पिशवीत कोमेजलेल्या पानातलं हरितद्रव्य आपोआपच घटतं. प्रत्येक पुडीवर जागा, वेळ, घेणाऱ्याची सही, आणि पुढे ती कुणाकुणाच्या हातून गेली त्याची नोंद. त्राँसमध्ये खुणेच्या जवळच्या पानांत रंगद्रव्यं कमी आढळली, अंतराबरोबर फरक ओसरत गेला, आणि माती दाबली व तापली असावी असा निष्कर्ष निघाला. तिथून जड वाहन गेलं असावं, हा आक्षेप आजही उभा आहे. जेपानचे शास्त्रज्ञ स्वतः पोचायला महिन्याहून जास्त लागला; त्यामुळे जांदार्मनी दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांना एवढं मोल.

शेवटी शिक्का. ब्लू बुकच्या १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ ‘अनोळखी’ राहिली. हा आकडा सगळे सांगतात, व्याख्या कुणी सांगत नाही. निकष असा होता, की अनुमान बांधायला लागणारी सगळी माहिती असूनही वर्णन कशाशीच जुळत नाही, तेच अनोळखी. माहिती तोकडी असेल तर तो निराळा कप्पा. जेपानचंच आजचं रूप असलेल्या जेइपानमध्ये हाच फरक ‘क’ (माहिती तोकडी) आणि ‘ड’ (अनोळखी) या वर्गांनी पाळतात, आणि ‘ड’मध्ये टाकण्याआधी प्रकरण किती विचित्र आहे आणि माहिती किती भरवशाची आहे हे दोन्ही स्वतंत्रपणे तोलतात. अमेरिकी हवाई दलासाठी बॅटेल या संशोधन संस्थेने ३,२०१ प्रकरणांचा अभ्यास केला, तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तम दर्जाच्या नोंदींत अनोळखींचं प्रमाण निकृष्ट नोंदींच्या सुमारे दुप्पट निघालं. ‘माहिती वाढली की गूढ संपतं’ म्हणणाऱ्यांना हा आकडा अडचणीचा आहे. पण उत्तम नोंदींत लष्करी माणसांच्याही नोंदी होत्या, आणि लडाखच्या नोंदीही तशाच माणसांच्या होत्या, हेही विसरता येत नाही.

ब्लू बुकच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, चित्रित प्रतीही सहज मिळतात. वाचायला घेतल्यास सुरुवात पहिल्या पानापासून करावी: ‘प्रोजेक्ट १००७३’ असं छापलेलं कार्ड. उजव्या बाजूला निष्कर्षाचे चौकोन आहेत आणि फुगा, विमान, खगोलीय वस्तू या प्रत्येकापुढे तीन पायऱ्या: ‘होतं’, ‘बहुधा होतं’, ‘असू शकेल’. ठसा कुठल्या पायरीवर आहे ते पाहावं. वार्षिक गोषवाऱ्यात ‘असू शकेल’ आणि ‘बहुधा’ हे दोन्ही सरळ ओळख पटलेल्यांत धरले जात. प्रकल्पाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी पुढे याचीच तक्रार केली. त्यानंतर कार्डावरची स्थानिक आणि ग्रिनिच वेळ स्वतः ताडून पाहावी, मग जबाबातला कोन, मग हवामानाचं पान. वारा आणि कोन दोन्ही कोरे असतील तर कार्डावर कुठलाही ठसा असो, ती फाइल बाजूला ठेवून पुढची घ्यावी.